घरफोडी झाली आहे (इंदूर), पुढे काय काय करायचं?

मेधा_इंदूर | सोमवार, रात्री ११.५०

डोकं चालेनासं झालंय, म्हणून इथे लिहिते आहे. आई-बाबा इंदूरला दोघंच असतात, दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे. भाचीच्या बारशासाठी पाच दिवस पुण्याला गेले होते. काल सकाळी परतले तर मागच्या दाराचा कोयंडा उचकटलेला आणि देवघरापासून कपाटापर्यंत सगळं उलथंपालथं. मी आज दुपारी भोपाळहून पोचले.

आईची ठुशी, पाटल्यांचा जोड, मोत्यांची नथ, बाबांची अंगठी, चाळीसेक हजार रोख आणि एक जुना मोबाईल गेला. एक फाईलही गेली, तिच्यात मकानाची रजिस्ट्री आणि चेकबुक होतं. देवघरातले टाकही (देवांच्या चांदीच्या प्रतिमा) नेले. पणजोबा होळकरी अमलात इकडे आले तेव्हा सोबत आणलेले ते टाक. दागिन्यांचं आई काही बोलत नाही, टाकांचं नाव निघालं की रडते.

बाबा शेजारी सांगायला गेले तेवढ्यात कचरागाडी आली. आईने घाबरलेल्या मनाने फुटलेली काच झाडली आणि मोडका कोयंडा, कुलूप, सगळं गाडीत देऊन टाकलं. इंदूरकरांना सांगायला नको, गाडीचं गाणं ऐकू आलं की हात आपोआप डब्याकडे जातो. आता सारखी म्हणते, "पुरावा मीच फेकला."

बाबा ठाण्यावर जाऊन आले. तिथे एक आवेदन (अर्ज) घेतलं आणि शिक्का मारून त्याची प्रत हातात दिली. त्यात लिहिलंय, "सोने का हार, कंगन, चांदी का सामान." एवढंच. हे पुरे आहे का? शिवाय आत्या आणि काका मागे लागलेत की धुण्याभांड्याच्या बाईचं नाव संशयित म्हणून द्या. मला ते पटत नाही, पण माझं कोणी ऐकत नाहीये.

छावणीकर | सोमवार, रात्री १२.२०

मेधाताई, मी इथल्या कोर्टात बरीच वर्षं वकिली केली आहे. आधी आईंना सांगा, गेलं ते कुलूप. घरात अजून खूप काही शिल्लक आहे. कपाटाचं दार, खण, देव्हाऱ्याची चौकट, चोरांनी उघडून टाकलेले डबे, यातल्या कशालाही आता हात लावू नका. गुळगुळीत पत्र्यावर, काचेवर, स्टीलवर ठसे टिकतात. जे केरात गेलं ते केव्हा आणि कसं गेलं, हे जबाबात खरं खरं सांगा. लपवलं तरच पुढे प्रश्न येतो. ठसेवाले आले तर घरातल्यांचेही ठसे घेतील. ते वगळण्यासाठी असतात, संशय म्हणून नव्हे.

आता महत्त्वाचं. शिक्का मारलेलं आवेदन म्हणजे एफआयआर नाही. एफआयआरला नंबर असतो, कलमं असतात, फिर्यादीची सही असते. जुनी माणसं ज्याला (भारतीय दंड संहितेच्या कलमांवरून) ४५७-३८० म्हणायची, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३३१ आणि ३०५ झालं आहे. रात्री घर फोडून चोरी केली असेल तर ३३१(४). इथल्या पोलिसांच्या भाषेत हीच नकबजनी. हा दखलपात्र गुन्हा आहे आणि असा गुन्हा नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिताकुमारी प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, कलम १७३).

उद्या सकाळी जाऊन टीआय साहेबांना (ठाण्याचे प्रमुख निरीक्षक) भेटा. आवाज चढवू नका, पण "आवेदन नको, एफआयआर हवी" हे वाक्य सोडू नका. नाहीच लिहिली तर तीच तक्रार स्पीड पोस्टाने वरिष्ठांना पाठवा. कायद्यात पोलिस अधीक्षक म्हटलं आहे, पण इंदूरला डिसेंबर २०२१ पासून कमिश्नरी (पोलिस आयुक्तालय) आहे, म्हणून तुमच्या झोनच्या डीसीपींना (पोलिस उपायुक्तांना). तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेट. बहुतेक वेळा इतकं लांब जावं लागत नाही.

आणखी एक. आईबाबांना कथनासाठी (जबाबासाठी) सारखं ठाण्यात बोलावलं तर नागरिक सुरक्षा संहितेचंच कलम १७९ दाखवा. साक्षीदार स्त्री असेल किंवा साठीपुढचा पुरुष असेल, तर पोलिसांनी घरी येऊन विचारायचं असतं. हे फार थोड्यांना ठाऊक आहे आणि म्हातारी माणसं बाकावर तासन् तास बसून राहतात. मला ते बघवत नसे.

रेवातीर | मंगळवार, सकाळी ६.४०

चेकबुक गेलंय ना? मग ठाण्याच्याही आधी बँकेला फोन. सगळे कोरे चेक थांबवायला सांगा, सही करून ठेवलेला एखादा असेल तर त्याचा नंबर वेगळा सांगा. कार्ड गेलं असेल तर तेही बंद करा. लॉकरची किल्ली घरात होती का, बघा. ती गेली असेल तर आजच लेखी कळवा.

मोबाईल जुना असला तरी सोडू नका, त्यात बाबांच्या बँकेचे ओटीपी येत असतील. आधी सिम बंद करून त्याच नंबरचं नवं घ्या. मग खोक्यावरचा आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) शोधून सरकारच्या संचार साथीच्या सीईआयआर पोर्टलवर तो ब्लॉक करा. तिथे पोलिस तक्रारीची प्रत लागते. खात्यातून काही हललेलं दिसलं तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

सुखलिया | मंगळवार, सकाळी ७.१५

शेजाऱ्यांचे कॅमेरे! आजच्या आज. डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यात) जुनं पुसून नवं चढत राहतं, कोणाकडे आठ दिवस राहतं, कोणाकडे पंधरा. आमच्या वेळी पोलिस बाराव्या दिवशी फुटेज मागायला आले तेव्हा काही उरलं नव्हतं. पेनड्राइव्ह घेऊन स्वतः दारोदार जा. डीव्हीआरचं घड्याळ बरोबर आहे का तेही बघा, समोरच्यांचं चाळीस मिनिटं मागे होतं. मूळ डीव्हीआरही त्यांना जपून ठेवायला सांगा. कोर्टात नुसता पेनड्राइव्ह चालत नाही, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

अवंतिका | मंगळवार, सकाळी ९.०५

मेधा, बाईबद्दल लिहिते. हे मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही.

आमच्याकडे चोरी झाली तेव्हा मी कॉलेजात होते. घरातल्यांनी चर्चा करून आमच्या बाईंचं नाव दिलं. कारण एवढंच की किल्ली कुठे असते हे त्यांना माहीत होतं. अकरा वर्षं कामाला होत्या. माझ्या टायफॉइडमध्ये रात्र रात्र बसलेल्या. त्यांना तीन दिवस ठाण्यात बोलावलं, धाकट्या मुलालाही नेलं. वस्तीत सगळ्यांना कळलं आणि त्यांची बाकीची चार घरंही सुटली. दोन महिन्यांनी चोर सापडले ते दुसऱ्याच जिल्ह्यातले. बंद घरं हेरणारी टोळी होती. बाबा आणि मी त्यांच्या घरी माफी मागायला गेलो. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा दिला, आणि काम पुन्हा धरायला नाही म्हणाल्या. त्यांच्या मुलाने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पोलिस विचारतील की घरात कोणाकोणाचं येणं-जाणं आहे. तेव्हा सगळ्यांची नावं सांगा. बाई, दूधवाला, गेल्या महिन्यात आलेला पेंटर, नातेवाईकसुद्धा. ती माहिती झाली, आणि खरी माहिती द्यायलाच हवी. पण "संशय" हा शब्द तुमच्याकडे ठोस काही असल्याशिवाय उच्चारू नका.

छावणीकर | मंगळवार, सकाळी ९.३०

अवंतिकाताईंच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. कायद्याचीही बाजू आहे. दुसऱ्याला त्रास व्हावा म्हणून जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे. आत्यांना हे सांगून पाहा.

जुनी_वही | मंगळवार, दुपारी १.१०

आमच्या घरात तीन पिढ्या सराफ्यातलं काम आहे, म्हणून दागिन्यांबद्दल सविस्तर लिहितो. माझ्या मते तुमच्या प्रकरणात सगळ्यात मोठा धोका "सोने का हार" या तीन शब्दांत आहे.

मुन्शीजींना (ठाण्यात लिहून घेणाऱ्यांना) ठुशी ठाऊक नाही, यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या घरी ती नसते. ते ठुशी, मोहनमाळ, बोरमाळ, चिंचपेटी, सगळ्यांना हारच लिहिणार, आणि पाटल्या, तोडे, बिलवर यांना कंगन. पण समजा उद्या माल सापडला. तेव्हा शिनाख्त होते. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या दागिन्यांत तुमचा मिसळून ठेवतात आणि ओळखायला सांगतात. आई ठुशी क्षणात ओळखतील. मग विरुद्ध बाजूचा वकील उठून विचारतो, "रिपोर्टमध्ये तर हार लिहिलाय, ही तर गळपट्टी दिसते." एका ओळखीच्या घरी हेच झालं आणि परत मिळायला वर्षाच्या वर गेलं.

म्हणून अर्ज हिंदीत द्या, पण दागिन्याचं नाव मराठीच ठेवा आणि पुढे वर्णन लिहा. असं: "ठुशी, गले से सटकर पहना जाने वाला सोने के बारीक मनकों का मराठी आभूषण, पीछे लाल डोरी और गोंडा।" मग वजन, बनावट, साधारण कधी घेतली. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे खोड. कुठला मणी चेपलाय, कुठे डाग देऊन (झाळून) जोडलंय, पाटलीच्या आत कोणती खूण आहे, नथीतला कोणता मोती बदललाय. सोनार दागिना खोडीवरून ओळखतो, पोलिसांनाही तेच लागतं. अलीकडचं काही असेल तर त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) असतो (१ एप्रिल २०२३ पासून विक्रीला सक्तीचा), तो कधीकधी बिलावरही सापडतो. जुन्या दागिन्यांना तो आधार नाही, तिथे तुमचं वर्णनच काय ते.

फोटो शोधा. लग्न, मुंज, डोहाळजेवण, हळदीकुंकू. चेहरा नाही, गळा आणि मनगट स्पष्ट दिसणारे. नातेवाईकांच्या अल्बममध्ये जास्त सापडतात, कारण आपल्या घरात फोटो काढणारी आपलीच माणसं असतात.

वजनाबद्दल सावध. घरात जुनी यादी असेल तर ती तोळे-मासे-गुंजांत असेल. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, आणि तो जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज दुकानात १० ग्रॅमला तोळा म्हणतात. म्हणजे यादीत "२ तोळे ४ मासे" असेल तर ते २७ ग्रॅमच्या थोडं वर होतं. आजच्या तोळ्याने धराल तर २३ लिहाल आणि आपल्याच हाताने चार ग्रॅम कमी कराल. लिहिताना ग्रॅममध्येच लिहा, आणि अंदाज असेल तर "लगभग" लिहा.

टाकांचंही तसंच. "चांदी का सामान" म्हणजे वाटीही झाली आणि पैंजणही. किती टाक, कोणत्या देवाचे, आकार केवढा, मागे पत्रा आहे की लाख भरली आहे, सगळं लिहा.

मेधा_इंदूर | मंगळवार, रात्री ८.४५

सगळ्यांचे आभार. सकाळपासून धावपळ चालू आहे. चेक थांबवले, सिम बंद केलं. समोरच्या काकांच्या कॅमेऱ्यात शनिवारी पहाटे २.५० ला दोघं जण गल्लीतून जाताना दिसतात. चेहरे नाहीत, पण एकाच्या पाठीवर आमच्या घरातली पिशवी आहे. आईने लगेच ओळखली, तिनेच शिवली होती.

एफआयआर झाली. टीआय साहेबांनी नीट ऐकून घेतलं. ३३१(४) आणि ३०५ लागलं आहे. पण गडबडीत दागिन्यांचं वर्णन त्यात पुन्हा थोडक्यातच आलं, जुनी_वहींची पोस्ट मी नंतर वाचली. आता काही करता येईल का?

छावणीकर | मंगळवार, रात्री ९.१०

नक्की येईल. एफआयआर म्हणजे ज्ञानकोश नव्हे, असं न्यायालयं वारंवार म्हणत आली आहेत. ती पहिली खबर असते. उद्याच सविस्तर यादी जोडून पूरक कथन नोंदवायला सांगा आणि यादीच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. फोटो जोडा, मागे सही करा. मात्र उशीर नको. आठ दिवसांत दिलेली यादी आणि माल सापडल्यावर दिलेली यादी, यांच्या वजनात कोर्टात फार फरक पडतो.

तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं आता पोलिसांचं कर्तव्य आहे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १९३). तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

रजिस्ट्रीची काळजी करू नका. कागद चोरीला गेल्याने मकान जात नाही. एफआयआरमध्ये फाईलचा उल्लेख असू द्या आणि पंजीयक (दस्त नोंदणी) कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढा. मूळ कागद चोरीला गेल्याची वर्तमानपत्रात जाहीर सूचनाही द्या, म्हणजे त्या कागदावर कोणी व्यवहाराचा प्रयत्न केला तर तुमची नोंद आधीची असेल.

विमा_सल्ला | मंगळवार, रात्री १०.००

घराचा विमा आहे का? असेल तर कंपनीला आजच कळवा, एफआयआरची वाट बघू नका. सर्व्हेअर येईपर्यंत दार दुरुस्त करायचं तर आधी भरपूर फोटो काढा आणि मोडलेले भाग ठेवून द्या.

एक गैरसमज मला रोज भेटतो. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्या देतात ती "भारत गृह रक्षा" पॉलिसी आग, पूर, भूकंप वगैरेंसाठी आहे. तिच्यात चोरी धरली जाते ती अशा आपत्तीमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांत झालेली. साध्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि दागिन्यांची नोंद त्यातही वेगळी. घरफोडीच्या विम्यात जबरीने आत शिरल्याची खूण बघतात. तुमच्याकडे चौकटीवर उचकटल्याचे ओरखडे असतील, त्यांचे जवळून फोटो काढा. चोर सापडलेच नाहीत तर पोलिस खात्मा रिपोर्ट (तपास बंद केल्याचा अहवाल) लावतात. तो कागद ऐकायला वाईट वाटतो, पण दाव्याला बहुधा तोच मागतात.

मेधा_इंदूर | मंगळवार, रात्री १०.१५

बाबांची पॉलिसी काढून पाहिली. भारत गृह रक्षाच आहे. ठीक आहे, कळलं हे बरं झालं.

सयाजीगंज | बुधवार, दुपारी १२.३०

मी बडोद्याचा. आमच्याकडे चोरीचा माल सापडला, म्हणून पुढचा टप्पा सांगतो. इथे अशा मालाला मुद्दामाल म्हणतात, तो परत मागण्याच्या अर्जाला तुमच्याकडे बहुतेक सुपुर्दगीचा अर्ज म्हणतात.

सापडला म्हणजे मिळाला असं नाही. माल पोलिसांच्या ताब्यात जातो आणि कोर्टाच्या हुकमाने परत येतो. आम्हाला एकाने सांगितलं, "खटला संपेपर्यंत थांबा." ते चुकीचं आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा निकाल आहे, आमच्याच राज्यातून गेलेला. जप्त वस्तू ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्यापेक्षा जास्त पडू देऊ नयेत, दागिन्यांचा सविस्तर पंचनामा आणि फोटो करून, हमीपत्र घेऊन मालकाला द्यावेत, असं त्यात आहे. नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४९७ मध्ये तर मुदतीच घातल्या आहेत. आमच्या वकिलांनी हा निकाल जोडला आणि अर्ज मंजूर झाला. गुजरात पोलिसांचा "तेरा तुजको अर्पण" म्हणून माल परत देण्याचा कार्यक्रमही असतो, आमची चेन तशीच एका कार्यक्रमात हातात आली.

पण हमीपत्रात लिहिलेलं असतं की वस्तू विकणार नाही, मोडणार नाही, बदलणार नाही, मागाल तेव्हा हजर करू. बायकोला चेनचा तुटलेला फासा जोडून घ्यायचा होता, तोही वकिलांनी थांबवायला सांगितला. दोन वर्षं ती तशीच डबीत आहे.

मंजू_मावशी | बुधवार, सायंकाळी ५.२०

मेधा बाळ, सगळे कागदांचं सांगताहेत, ते बरोबरच आहे. मी रात्रीचं सांगते. आमच्याकडे चोरी झाली त्यानंतर मला तीन महिने झोप नव्हती. भांडं पडलं तरी दचकायचे. कोणीतरी परका माणूस माझ्या साड्यांत हात घालून गेला, ही किळस सोन्यापेक्षा जास्त होती. सगळ्या साड्या धुतल्या, तरी नेसवेना. आईला हे होत असेल आणि ती बोलत नसेल. तिला विचार. "सोनं परत घेता येईल" असं तिला सांगू नकोस, मला ते ऐकून राग यायचा.

आठ-पंधरा दिवस कोणीतरी सोबत झोपायला राहा. आज रात्रीपर्यंत मागचं दार बसवून घे, आतून आडणा टाकायची सोय कर. पुढच्या वेळी गावाला जाताना शेजारच्यांना सांगा, आमच्या दारचा डबाही गाडीत द्या म्हणून. सगळ्या गल्लीचे डबे बाहेर आणि एकाच दारात शुकशुकाट, हे हेरणाऱ्याला लगेच दिसतं.

टाकांचं म्हणशील तर नवे करून घेता येतात, गुरुजींना विचारून प्रतिष्ठा करून घ्या. आमच्याकडे नवरात्र आलं तेव्हा टाक नव्हते. सासूबाईंनी सुपारी मांडून कुळाचार केला. म्हणाल्या, देव चोरीला जात नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा झोप लागली.

मेधा_इंदूर | पुढचा रविवार, सकाळी १०.३०

थोडं कळवते.

पूरक कथन झालं. एक बाई हवालदार घरीच आल्या, आईशी दीड तास बोलल्या. आईने केरात काय गेलं तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "माँजी, सब यही करते हैं." आई तेव्हापासून ते वाक्य पुन्हा म्हणालेली नाही.

जुनी_वही, तुमच्या सांगण्यावरून माळ्यावरची ट्रंक उतरवली. आजीची वही सापडली! शाईने लिहिलेली, प्रत्येक दागिन्यापुढे तोळे-मासे. ठुशी "२ तोळे १ मासा, डावीकडून चौथा मणी चेपलेला (बंडू पडला तेव्हा)". बंडू म्हणजे बाबा. ते पान वाचून बाबा बराच वेळ खिडकीपाशी उभे होते. ग्रॅममध्ये मी २४.३ लिहिलंय, बरोबर ना? टाकांचा स्पष्ट फोटो मात्र नव्हता. शेवटी मावसबहिणीकडे घटस्थापनेचा एक मिळाला, कडेला पाचही टाक दिसतात. यादी सोळा वस्तूंची झाली, आवक शिक्क्यासह.

बाईंचं नाव येणं-जाणं असलेल्यांत आहे, आत्याचंही आहे. बाई सोमवारपासून नेहमीसारख्या येताहेत. आई रात्री त्यांनाच सोबतीला झोपायला बोलावते.

जुनी_वही | रविवार, सकाळी ११.०५

२४.३ बरोबर. वहीचं ते पान मूळ कोणालाही देऊ नका, प्रतच द्या. मूळ वही दाखवायला म्हणून कोर्टात घेऊन जा आणि परत आणा.